सोलापुरात घरातला होस्टा: उन्हाळ्यात झोपवा, मृगात उठवा

होस्टा हे पानांच्या शोभेसाठी लावलं जाणारं झाड. ते घरात आणण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. मनीप्लांटसारखं वर्षभर हिरवं राहणारं हे झाड नाही. जपान, कोरिया, चीन इथल्या जंगलांच्या कडेला, ओढ्याकाठी, मोठ्या झाडांच्या सावलीत ते वाढतं. थंडी पडली की पानं पिवळी होऊन गळतात, जमिनीखालचा कंद तेवढा जिवंत राहतो आणि बर्फ सरल्यावर त्यातूनच नवे कोंब येतात. (शास्त्रीयदृष्ट्या तो कंद नाही, जमिनीखालचं आखूड खोड आहे. पण आपण कंदच म्हणू.) ही झोप त्याला लागतेच. ५ अंशांच्या आतली थंडी निदान ६ ते १० आठवडे मिळाली नाही, तर पुढच्या हंगामात कोंब कमी आणि बारीक येतात. दोन-तीन वर्षं असंच गेलं की कंद आक्रसत जातो आणि शेवटी कुंडीत नुसती माती उरते.

सोलापूरची थंडी याला पुरत नाही. सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत रात्री पारा १२-१५ अंशांवर येतो आणि दुपारी पुन्हा ३० गाठतो. उलट एप्रिल-मे महिन्यांत ४२-४४ अंश, त्यात कोरडी हवा. ३२-३५ अंशांच्या पुढे होस्टाची वाढ थांबते आणि पानांच्या कडा करपतात. म्हणजे आपल्याकडे अडचणी दोन आहेत, हिवाळा नाही आणि उन्हाळा सोसत नाही. या दोन्हींवर उपाय एकच आहे आणि तो आपल्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे.

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागात डाळिंबाचा मृग बहार धरतात. एप्रिल-मे महिन्यांत बागेचं पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, पानगळ होऊ द्यायची आणि जूनमध्ये पाणी सुरू करून झाड फुटवायचं. झाडाची विश्रांती कधी यावी, हे तिथे माणूस ठरवतो. होस्टाचंही वेळापत्रक नेमकं हेच ठेवायचं. फरक एवढाच की याला नुसतं पाणी तोडून भागत नाही, थंडी लागते, आणि ती आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये आहे. बाहेर ऊन पेटलेलं असताना होस्टा फ्रिजमध्ये झोपेल आणि पाऊस सुरू झाला की उठेल. जपानी कॅलेंडर सोलापुरात ओढून आणण्यापेक्षा हे फार सोपं पडतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमावर बेतलेल्या आहेत.

कोणती जात घ्यायची

घरात आणि फ्रिजमध्ये मावेल अशी घ्या. नवख्या माणसाने ‘ब्लू माउस इयर्स’पासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. पूर्ण वाढल्यावरही ती वीतभर उंच आणि फूटभर रुंद राहते. पानं छोटी, गोलसर आणि चांगली जाड असतात, त्यामुळे कोरडी हवा त्यातल्या त्यात सोसते. २००८ साली होस्टा उत्पादकांनी तिला वर्षाची सर्वोत्तम जात म्हणून निवडलं होतं.

दुसरा पर्याय चीनमधल्या ‘प्लँटाजिनिया’चा. होस्टांमध्ये उष्णता सगळ्यात जास्त सोसणारी ही प्रजाती. तिला थंडीही इतरांपेक्षा कमी लागते, आणि मोठी पांढरी सुवासिक फुलं संध्याकाळी उमलतात. ‘रॉयल स्टँडर्ड’, ‘ग्वाकामोले’, ‘फ्रेग्रंट बुके’ या जाती तिच्याच वंशातल्या. त्या आकाराने मोठ्या होतात, म्हणून खोलीत तेवढी जागा आहे का ते आधी बघा.

‘एम्प्रेस वू’सारख्या राक्षसी जातींच्या वाटेला जाऊ नका. मोकळ्या जमिनीत ती कमरेच्या वर जाते, कुंडीत तिचं रूप कधीच खुलत नाही. ‘हॅल्सियन’सारख्या निळसर जातींबद्दलही एक गोष्ट माहीत असू द्या. तो निळेपणा म्हणजे पानावरचा मेणाचा पातळ थर असतो. उष्णतेने तो उतरतो, बोटाने पुसला जातो, आणि खाली साधं हिरवं पान निघतं. पान पुसून चकचकीत करायची सवय असेल तर निळ्या होस्टाला हात लावू नका.

खरेदी

आपल्या नर्सऱ्यांमध्ये होस्टा सहसा मिळत नाही. डोंगराळ, थंड हवेच्या भागातल्या रोपवाटिका किंवा ऑनलाइन विक्रेते यांच्याकडे चौकशी करावी लागते. फेब्रुवारीअखेरपर्यंत झोपलेला, पानं नसलेला कंद मिळाला तर उत्तम. आला तसा तो थेट फ्रिजमध्ये ठेवता येतो आणि जूनमध्ये लावता येतो. कंदावर निदान दोन-तीन डोळे असावेत, मुळं पांढरट आणि घट्ट असावीत. दाबल्यावर मऊ लागणारा किंवा आंबूस वास येणारा कंद त्याच दिवशी फोटो काढून परत करा.

बियांच्या जाहिरातींपासून सावध राहा. गडद निळा, जांभळा, इंद्रधनुष्यी अशा होस्टांचे फोटो दाखवून पाकिटं विकली जातात, ते सगळे फोटो रंगवलेले असतात. होस्टाचं पान हिरवं, पिवळं, पांढरं किंवा निळसर छटेचं असतं. लाल रंग आला तर तो बहुतेक देठावर. पट्टेरी जातीचं बी लावलं तरी बहुतेक रोपं साधी हिरवीच निघतात. हवी ती जात हवी असेल तर कंदच घ्यावा लागतो.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना बॅगेत कंद टाकून आणायला सांगू नका. त्यासाठी आयात परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते योग्यच आहे. होस्टाचा एक विषाणू, ‘होस्टा व्हायरस एक्स’, अशाच देवाणघेवाणीतून जगभर पसरला. शाई फुटावी तसा गडद रंग शिरांच्या बाजूने पसरलेला दिसला की संशय घ्या. त्यावर औषध नाही. झाड कुंडीतल्या मातीसकट टाकायचं आणि कात्री जंतुनाशकाने धुवायची.

जागा आणि दिवा

उत्तरेची खिडकी सगळ्यात चांगली, नाहीतर पूर्वेची. पश्चिमेच्या भिंतीला लागून नको. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला राहतो, तेव्हा घरातली त्यातल्या त्यात थंड खोली शोधा. १८ ते २८ अंश ही याची आवडती हवा. जुलै ते जानेवारी सोलापुरातली सावलीची खोली बहुतेक दिवस त्याच्या आसपास असते.

उजेडाच्या बाबतीत मात्र बहुतेकांचा अंदाज चुकतो. ‘सावलीतलं झाड’ म्हणून होस्टा कोपऱ्यात ठेवला जातो. खरं तर उजेडाच्या तीव्रतेपेक्षा दिवस किती लांब आहे, याकडे होस्टाचं जास्त लक्ष असतं. साधारण १४ तासांच्या पुढे उजेड मिळत असेल तर तो वाढत राहतो, दिवस लहान झाला की झोपेची तयारी करतो. सोलापुरात २१ जूनचा सगळ्यात मोठा दिवससुद्धा १३ तासांच्या थोडाच पुढे जातो. म्हणजे नुसत्या खिडकीवर अवलंबून राहिलं तर होस्टाला आपला पावसाळा म्हणजे झोपायला निघण्याचा काळ वाटतो, आणि दोन-चार पानं काढून तो थांबतो.

म्हणून पानांच्या वर एक-सव्वा फुटावर पांढऱ्या उजेडाची २० वॅटची साधी एलईडी ट्यूब लावा. महागडा जांभळा दिवा लागत नाही. प्लगमध्ये टायमर लावून सकाळी ६ ते रात्री ९ असे १५ तास बांधून द्या. वीज गेली तर तेवढ्याने बिघडत नाही, पण रोजचा क्रम टिकला पाहिजे.

कुंडी, माती, पाणी

आपली काळी माती यात अजिबात घालू नका. ती चिकट आहे, पाणी धरून ठेवते आणि चुनखडीमुळे अल्कधर्मी आहे. होस्टाला हलकी, भुसभुशीत, किंचित आम्लधर्मी माती लागते. दोन भाग धुतलेला कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत किंवा पालापाचोळ्याचं खत, एक भाग परलाइट (फुगवलेले हलके पांढरे खडे) हे मिश्रण जमून येतं. परलाइट नसेल तर विटांचा बारीक चुरा धूळ चाळून वापरा. कोकोपीट न धुता वापरला तर त्यातलं मीठ मुळांना बाधतं. दोन-तीन पाण्यांतून पिळून काढा.

कुंडी मातीची घ्या. तिच्या भिंतीतून पाणी झिरपून सुकतं आणि मुळं गार राहतात, आपल्या हवेत हा मोठा फायदा आहे. छोट्या जातीला ५-६ इंची, मध्यम जातीला ८ इंची पुरते. लहान कंदाला मोठी कुंडी दिली की न वापरलेली माती ओली राहते आणि कूज तिथूनच सुरू होते.

पाण्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. बोअरचं पाणी जड असतं. ते रोज घातलं की मातीवर पांढरा थर चढतो आणि पानांच्या कडा तपकिरी होतात. लोक त्याला पाणी कमी पडलं समजून आणखी तेच पाणी घालतात. पावसाळ्यात गच्चीवरून पडणारं पाणी पिंपात भरून ठेवा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र कधीच नको, सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात. उजनीचं नळाचं पाणी घागरीत साठलेलं असतंच, ते निवलेलं वापरलं तर चालून जातं. महिन्यातून एकदा कुंडीत खालून वाहून जाईल इतकं पावसाचं पाणी घाला, म्हणजे साठलेले क्षार निघतात.

बोटाचं एक पेर मातीत घालून पाहा. कोरडं लागलं तरच पाणी, तेही कडेने. कोंबांच्या मधोमध पाणी साचू देऊ नका. बशीत उरलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाका.

मृगात लावणी

तारीख बघून कंद बाहेर काढू नका, पाऊस बघून काढा. मृग ७-८ जूनला लागतो, पण पाऊस लांबला आणि दुपार अजून ४० अंशांची असेल तर कंद आणखी दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवा. त्याचं काही बिघडत नाही. हवा निवली की काढा, दोन दिवस घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात पिशवीतच राहू द्या आणि मग लावा. मुळं चहूबाजूंनी पसरवून डोळे मातीच्या पातळीला येतील असं बसवा. खोल पुरला तर कुजतो, उघडा राहिला तर सुकतो.

पुढचे पंधरा-वीस दिवस रोज बघण्यासारखे असतात. आधी डोळा फुगतो आणि त्यावरचं जांभळट खवलं ताणून चकचकीत होतं. मग एके सकाळी त्याच्या टोकाला चीर पडून हिरव्या पानाची घट्ट सुरळी वर आलेली दिसते. सुरळी पेराएवढी झाली की बाहेरचं पान एका कडेने सुटायला लागतं, आणि आत गुंडाळलेलं दुसरं पान तोवर फिकट पोपटी असतं. या दिवसांत सुरळी बोटांनी उलगडून बघू नका. तिथे पडलेला चरा पान मोठं झाल्यावरही तसाच दिसतो. पाणीही बेताचंच द्या, पानं फुटेपर्यंत मुळं फारसं ओढत नाहीत.

तीन पानं पूर्ण उघडली की खत सुरू करा. द्राक्ष-डाळिंबवाल्यांच्या दुकानात मिळणारं १९:१९:१९ हे विरघळणारं खत लिटरभर पाण्याला १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. ओल्या मातीवरच घाला. डिसेंबर लागला की खत बंद.

रोग आणि कीड

देठ बुडाशी मऊ पडून पान आडवं झालं, मातीवर पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले, तर ती बुरशी आहे. भुईमुगाचं खोड कुजवणारी हीच ती. उष्ण आणि ओल्या हवेत ती जोर धरते, म्हणजे नेमकी आपल्या ऑगस्ट-सप्टेंबरात. वरची माती काढून टाका, कुजलेला भाग निरोगी पेशींपर्यंत कापा, नव्या मिश्रणात ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळून पुन्हा लावा. ट्रायकोडर्मा लावणीच्या वेळीच घातलेला बरा.

कोरड्या हवेत पानाखाली लाल कोळी येतो. पान वरून धुरकट दिसतं, मागे बारीक जाळी असते. पानाची मागची बाजू साध्या पाण्याच्या फवाऱ्याने आठवडाभर रोज धुवा. निळसर जातींवर कडुनिंबाचं तेल किंवा साबणाचं पाणी फवारू नका, मेणाचा थर निघून जातो.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवा. होस्टाच्या पानांत सॅपोनिन नावाची विषारी द्रव्यं असतात, पानं खाल्ली की या प्राण्यांना उलट्या-जुलाब होतात.

संक्रांतीनंतर झोपवणं

हीच पायरी चुकते आणि होस्टा ‘सोलापुरात येत नाही’ असं लोक म्हणतात.

संक्रांत झाली की दिवा बंद करा. तेव्हाचा आपला दिवस साधारण सव्वाअकरा तासांचा असतो, रात्री वर्षातल्या सगळ्यात गार असतात, आणि या दोन्ही गोष्टी मिळून झाडाला पुरेसा इशारा देतात. पाणी हळूहळू निम्म्यावर आणा. फेब्रुवारीत पानं पिवळी पडायला लागतील. पाहवत नाही म्हणून पाणी-खत वाढवू नका. पिवळं होताना पान आपल्यातला साठा कंदात उतरवत असतं, म्हणून हिरवं असताना कापूही नका. फेब्रुवारीच्या शेवटी एखाद-दुसरं हिरवं पान उरलं तर ते मात्र कापलं तरी चालेल.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, ऊन तापायच्या आत, कंद कुंडीतून काढा. मुळं पाण्यात हलवून माती सोडवा, कुजकी मुळं कापा, देठांचे अर्धा-पाऊण इंच खुंट ठेवा. सावलीत एक दिवस सुकू द्या. मग ओलसर कोकोपीट घ्या. मुठीत दाबल्यावर एक थेंबही गळता कामा नये, हात फक्त ओलसर लागला पाहिजे. त्यात कंद गुंडाळून सुईने भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. जातीचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी पिशवीवर चिकटवा, आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

पिशवी भाजीच्या ड्रॉवरमध्ये नको, तिथे तापमान जास्त असतं. त्याच्या वरच्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकवता ठेवा. फ्रिजचा साधा थर्मामीटर घ्या आणि २ ते ५ अंश राहतील असं बघा. फ्रीजरमध्ये ठेवायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच फ्रिजमध्ये पिकलेले आंबे, सफरचंद, केळी ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने झोपलेले डोळे आतल्या आत मरू शकतात. एप्रिल-मे म्हणजे नेमका आंब्याचा हंगाम, तेव्हा आंबे बाहेर टोपलीत राहू द्या.

पंधरा दिवसांनी एकदा पिशवी उघडा. कोकोपीट कोरडा झाला असेल तर दोन चमचे पाणी शिंपडा. बुरशी दिसली तर पुसून, थोडं सुकवून नव्या कोकोपीटमध्ये ठेवा. दुपारी दोन-तीन तास वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका, आतली थंडी टिकते.

वाट बघणं

पहिल्या वर्षी येणारी पानं फोटोतल्यासारखी नसतात. ती अरुंद, टोकदार, पातळ असतात. विक्रेत्याने फसवलं असं वाटतं, पण बहुतेक वेळा तसं नसतं. होस्टाचं बालपणीचं पान आणि प्रौढ पान वेगळंच असतं. प्रौढ पान रुंद होतं, बुडाशी हृदयाच्या आकाराचं होतं, त्यावरच्या शिरांच्या जोड्या वाढतात, काही जातींत पानावर सुरकुत्या आणि खोलगटपणा येतो, आणि पट्टेरी जातींत कडेचा पट्टा रुंदावतो. छोट्या जातींना यासाठी तीन-चार वर्षं, मध्यमांना चार-पाच, मोठ्यांना सात-आठ वर्षंही लागतात. कुंडीतला होस्टा पुस्तकात दिलेल्या मापापेक्षा थोडा लहानच राहतो, हेही धरून चाला.

प्रगती डोळ्यांना रोज दिसत नाही, म्हणून वही ठेवा. दरवर्षी गणपतीच्या सुमारास सगळ्यात मोठ्या पानाची लांबी, रुंदी आणि शिरांची संख्या लिहा. मार्चमध्ये कंद धुतल्यावर डोळे मोजा. पान मागच्या वर्षीपेक्षा रुंद आणि डोळे तेवढेच किंवा जास्त असतील तर झाड बरोबर चाललं आहे, मग पानांची संख्या दोनने कमी असली तरी काळजी नको. डोळे कमी झाले तर मात्र फ्रिजमधले आठवडे किंवा तापमान तपासा. नव्वद टक्के उत्तर तिथेच सापडेल.

पहिल्या दोन वर्षांत फुलाचा दांडा आला तर लहान असतानाच कापा, ताकद कंदात राहू द्या. तिसऱ्या वर्षापासून फुलू द्या.

बियांपासून रोपं करायची हौस असेल तर ती वेगळी मजा आहे. ताजं काळं बी घ्या, पांढरं किंवा फिकट बी उगवत नाही. २२-२५ अंशांवर दोन-तीन आठवड्यांत उगवतं, त्याला आधी थंडी द्यावी लागत नाही. पहिल्या वर्षी १५-१६ तासांच्या दिव्याखाली रोपं न झोपवता वाढवता येतात, झोप दुसऱ्या वर्षापासून. ‘व्हेंट्रिकोसा’ ही प्रजाती सोडली तर रोप आईसारखं निघत नाही.

कंद फोडायची घाई करू नका. चौथ्या-पाचव्या वर्षी सात-आठ डोळे झाले की मार्चमध्ये, फ्रिजमध्ये ठेवण्याआधी, स्पिरिटने पुसलेल्या सुरीने प्रत्येक भागाला निदान तीन डोळे आणि भरपूर मुळं येतील असे दोनच भाग करा. एकेक डोळ्याचे तुकडे केले तर झाड पुन्हा बालपणात जातं आणि आपली चार वर्षं परत सुरू होतात. दुसरा भाग कुणाला द्यायचा असेल तर तेव्हाच, झोपलेल्या अवस्थेत द्या, आणि पिशवीवरच्या चिठ्ठीत ‘आंब्यांजवळ ठेवू नका, पाऊस पडल्यावर लावा’ एवढं नक्की लिहा.